पंधरा ऑगस्टची सहल: गाडीत कोण बसले आहे?

पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की आपल्याकडे एक वाद हमखास पेटतो. चार मित्र गाडी काढतात, घाटात किंवा एखाद्या गडावर जातात, पावसात भिजतात, टपरीवर भजी खातात आणि फोटो टाकतात. त्यावर कुणीतरी लिहितो, 'तिकडे जवान सीमेवर उभा आहे आणि तुम्हाला भजी सुचतायत?' लगेच उत्तर येते, 'सुट्टी माझी, पेट्रोल माझे, तुमच्या पोटात का दुखते?' पुढे दोन दिवस याच दोन वाक्यांची उजळणी चालते, फक्त भाषा अधिकाधिक घाण होत जाते. मला दोन्ही वाक्ये निकामी वाटतात. पहिल्यात देश सावकारासारखा दारात बसलेला असतो आणि नागरिक जन्मभर व्याज फेडत राहतो. दुसऱ्यात पंधरा ऑगस्ट म्हणजे बँका बंद असण्याचा आणखी एक दिवस, यापलीकडे काही उरत नाही. माझे म्हणणे असे की, हा दिवस मित्रांबरोबर हसतखेळत घालवणे ही स्वातंत्र्य साजरे करण्याची अगदी रास्त रीत आहे. ती रीत आपण नीट पाळतो का, हे मात्र सहलीच्या ठिकाणावरून कळत नाही. गाडीत कोण कोण बसले आहे, यावरून कळते.

जवानाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो जितक्या मोठ्याने मांडला जातो तितका विचार त्यामागे नसतो. जवान चौदा ऑगस्टलाही उभा असतो, सोळालाही असतो. त्याच्या उभे राहण्याने इतरांचा आनंद लाजिरवाणा ठरणार असेल, तर वर्षातला एकही दिवस, एकही लग्न, एकही बारसे त्यातून सुटणार नाही. (दिवाळीच्या फराळावरही हल्ली हेच ऐकवले जाते, म्हणजे सुटलेले नाहीच.) आणि स्वतः जवान काय करतात? दोन देशांचे संबंध बरे असतात त्या वर्षी अटारी-वाघा सीमेवर सीमा सुरक्षा दलाचे जवान आणि पलीकडचे रेंजर्स आपापल्या स्वातंत्र्यदिनी एकमेकांना मिठाईचे डबे देतात. समोरासमोर पहारा देणाऱ्यांना जे जमते, ते शेकडो कोस दूर बसून त्यांच्या वतीने रुसणाऱ्यांना जमत नाही.

विरोधकांकडे याहून कितीतरी भक्कम मुद्दा आहे. ते तो मांडत नाहीत, म्हणून मीच मांडतो. आपला पहिला स्वातंत्र्यदिन पंधरा ऑगस्ट नव्हताच. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. सत्तांतर होईपर्यंत तीच तारीख राहिली. त्या दिवशी ठिकठिकाणी लोक जमले, त्यांनी प्रतिज्ञा घेतली आणि घरी गेले. त्या सभांत भाषणे नव्हती, असे नेहरूंनी पुढे लिहून ठेवले आहे. उरलेला दिवस सूतकताई, अस्पृश्यांची सेवा, हिंदू-मुसलमानांचा सलोखा, दारूबंदी अशा विधायक कामांत घालवावा, असे गांधींनी सुचवले होते. म्हणजे या दिवसाचा मूळ पिंड व्रताचा होता, जत्रेचा नव्हता. प्रत्यक्ष स्वातंत्र्य आले तेव्हाही गांधी दिल्लीत नव्हते. कलकत्त्याच्या बेलियाघाटात, हैदरी मंझिल नावाच्या एका पडीक घरात त्यांनी १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस उपवास, प्रार्थना आणि सूतकताईत घालवला. पंजाब जळत होता, बंगाल दुभंगला होता, माणसे घरदार टाकून चालू लागली होती. गांधींनी ज्या दिवशी उपवास केला, त्या दिवशी तुम्ही कणीस खात सेल्फी काढता, असे कुणी विचारले, तर 'पेट्रोल माझे' हे उत्तर त्याला पुरणार नाही.

पण त्याच दिवशी त्याच शहरात रस्त्यांवर काय चालले होते? ऑगस्ट १९४६ च्या कत्तलीनंतर वर्षभर कलकत्त्यात एकमेकांच्या वस्तीत पाऊल टाकायची कुणाची छाती होत नव्हती. चौदा ऑगस्टच्या रात्रीपासून हिंदू आणि मुसलमान एकाच ट्रकवर चढून घोषणा देत फिरू लागले, गळ्यात गळे घालू लागले. गर्दी थेट गव्हर्नरच्या वाड्यातही शिरली. उपवास करणाऱ्या गांधींनी या आनंदाला नावे ठेवली नाहीत. हा चमत्कार आहे की योगायोग, असा प्रश्न त्यांनी लिहून विचारला, आणि तो रास्तच ठरला. महिना सरता सरता दंगल पुन्हा उसळली आणि १ सप्टेंबरपासून त्यांना उपोषणाला बसावे लागले. एका दिवसाच्या मिठीने वर्षाचे वैर संपत नाही, हे खरेच. तरी ती मिठी खोटी होती असे म्हणायला मी धजावणार नाही, कारण गांधींनाही शहराची शांतता त्याच धाग्यावर पुन्हा विणावी लागली. आणि ते त्या घरात एकटे राहत नव्हते. सोबत मुस्लिम लीगचे नेते हुसेन शहीद सुऱ्हावर्दी होते. १९४६ मध्ये बंगालचे सरकार याच गृहस्थांच्या हाती होते आणि कलकत्त्यातले कित्येक हिंदू त्या कत्तलीचा दोष त्यांनाच देत. आपण दोघांनी एका छपराखाली राहायचे, ही अट गांधींनी घातलेली होती. उपाशी राहायचे की गोड खायचे, हा त्यांच्या दृष्टीने त्या दिवसाचा लहान प्रश्न होता. कुणासोबत राहायचे, हा मोठा होता.

दिल्लीतली गोष्ट वेगळी आणि जरा गमतीची. पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कमध्ये लष्करी संचलन आणि ध्वजारोहण असा रीतसर बेत होता. लोक आले अपेक्षेच्या कितीतरी पट. संचलन झालेच नाही. माउंटबॅटनना बग्गीतून उतरायलाही जागा मिळेना, त्यांनी बग्गीतूनच सलामी दिली आणि झेंडा कसाबसा वर गेला. लाल किल्ल्यावर तिरंगा फडकला तो दुसऱ्या दिवशी, सोळा तारखेला. स्वतंत्र भारताच्या पहिल्याच दिवसाचा सरकारी सोहळा जनतेने गर्दी करून मोडून टाकला आणि त्या गर्दीचे आपण आजही कौतुकाने वर्णन करतो. मग शिस्त आणि गांभीर्य हाच या दिवसाचा एकमेव खरा चेहरा, असे कशावरून ठरले?

नुसते एकत्र जमणे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की, त्यासाठी माणसे मेली होती हेच विसरायला होते. एप्रिल १९१९ मध्ये अमृतसरला जनरल डायरने जाहीरनामा काढला: चार माणसे एकत्र दिसली तरी तो बेकायदा जमाव समजला जाईल आणि गरज पडल्यास शस्त्रबळाने पांगवला जाईल. त्या दिवशी बैसाखी होती. जालियनवाला बागेत सभेसाठी आलेले होते, तसे आसपासच्या खेड्यांतून सणाला, जत्रेला आलेलेही होते. त्यांतल्या अनेकांना जाहीरनाम्याचा पत्ताही नव्हता. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली, लोकांच्या मते त्याहून पुष्कळ जास्त. सणाच्या दिवशी चार जण एकत्र उभे राहणे हा तिथे गुन्हा होता. आज आपण चौघे जण गाडी काढून हव्या त्या दिशेला जातो, तेव्हा राज्यघटनेच्या कलम १९ मधले शांततेने जमण्याचे आणि देशभर फिरण्याचे असे दोन हक्क एका वेळी बजावत असतो, घाटातल्या ट्रॅफिकमध्ये तीन तास अडकलो तरी. मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. १५ ऑगस्ट १९४७ ला तिथे निजामाचे राज्य होते, तिरंगा हाती घेणाऱ्याच्या वाट्याला तुरुंग होता आणि सुटका व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. गोव्याला तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावे लागले.

इथे कुणी म्हणेल, हे सगळे ऐकायला छान आहे, पण धबधब्याखाली दारू पिऊन घसरून मरणारे आणि गडावर बाटल्या फोडणारे कोणते मूलभूत हक्क बजावत असतात? कोणतेच नाहीत. कोरडा दिवस असूनही आदल्या रात्री साठा करून ठेवणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. पावसाळ्यात धोक्याच्या जागी जिल्हाधिकारी जमावबंदी लावतात, तीही बहुतेकदा योग्यच असते. पण गडाची नासधूस तीन ऑगस्टलाही तितकीच वाईट. तिचा तारखेशी संबंध जोडला की मूळ दुखणे बाजूला राहते आणि हाती फक्त देशभक्तीचे प्रमाणपत्र उरते.

ध्वजवंदनाच्या ओस मैदानाचा मुद्दा मात्र मला टोचतो. सोसायटीच्या आवारात सकाळी आठला अध्यक्ष, सचिव, सुरक्षारक्षक, दोन आजोबा आणि झोपेतून उठवून आणलेली चार पोरे, असे चित्र अनेकांनी पाहिले असेल. सगळ्यांनी मिळून करायची अशी फार थोडी कृत्ये आपल्या सार्वजनिक जीवनात उरली आहेत. झेंड्याखाली उभे राहून राष्ट्रगीत म्हणणे हे त्यांतले एक, आणि त्याला बावन्न सेकंद लागतात. ते टाळून निघणाऱ्या मित्रांना मी म्हणेन, अर्धा तास उशिरा निघा. पण मैदान ओस का पडते, हेही विचारले पाहिजे. सामान्य नागरिकाला मोजक्या राष्ट्रीय दिवसांपलीकडे वर्षभर झेंडा लावण्याची मुभा २६ जानेवारी २००२ च्या ध्वजसंहितेने दिली, आणि सन्मानाने झेंडा फडकावणे हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले. स्वातंत्र्यानंतरची अर्धशतकाहून अधिक वर्षे झेंडा प्रामुख्याने सरकारचा होता, आपण समोर रांगेत उभे राहून टाळ्या वाजवणारे होतो. प्रमुख पाहुणे बोलत, आपण ऐकत असू. अजूनही बहुतेक ठिकाणी तसेच चालते. ज्या कार्यक्रमात आपल्याला काही करायचेच नसते, त्याला माणसे किती वर्षे येतील?

सक्तीने ही गर्दी वाढवता येईल, असे ज्यांना वाटते त्यांनी चित्रपटगृहांचा इतिहास पाहावा. १९६२ च्या चीन युद्धानंतर सिनेमा संपल्यावर राष्ट्रगीत वाजवायची पद्धत पडली. लोक शेवटच्या दृश्यालाच उठून दाराकडे सरकू लागले आणि ती पद्धत पुढे मावळली. ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाआधी राष्ट्रगीत सक्तीचे केले, तेव्हा शेजारचा उभा आहे की नाही हे तपासण्यातच काहींचा जीव गुंतला. ९ जानेवारी २०१८ ला न्यायालयानेच ती सक्ती मागे घेतली.

व्रत आणि जत्रा यांतले एकच निवडले पाहिजे, हा हट्टही मला समजत नाही. अमेरिकेत स्वातंत्र्यलढ्याचे एक नेते जॉन ॲडम्स यांनी ३ जुलै १७७६ ला पत्नीला लिहिलेल्या पत्रात, हा दिवस देवाची प्रार्थना करून पाळावा आणि खेळ, घंटानाद, तोफा व रोषणाई करून साजराही करावा, असे दोन्ही एका दमात सांगितले होते. (त्यांची तारीख चुकली. त्यांना दोन जुलै अभिप्रेत होता, लोकांनी चार उचलला.) नॉर्वेत सतरा मे या राष्ट्रीय दिवशी मुख्य मान लहान मुलांच्या मिरवणुकांना असतो, रणगाड्यांना नाही. त्यामुळे त्या देशाच्या देशप्रेमात काही उणे राहिल्याचे दिसत नाही. उलट १९४० ते १९४५ या काळात जर्मन फौजांनी याच मिरवणुकांवर बंदी घातली होती. पोरांच्या हातातल्या झेंड्यांचे त्यांना भय वाटले, ते उगाच नव्हे.

आता सहलीला जाणाऱ्यांकडे वळतो, कारण 'मित्रांसोबत' या शब्दाच्या आड आपण बरेच काही लपवतो. मित्र आपण निवडतो, असा आपला समज असतो. नातेवाईक जन्माने मिळतात, मित्र आवडीने. मग एक प्रयोग करा. सहलीसाठी काढलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधली आडनावे एकाखाली एक लिहा. महाराष्ट्रात आडनाव पुरेसे बोलते. शाळा, कॉलनी, कॉलेज, नोकरी या चाळण्यांतून खाली उतरलेला हा गट पाहिला की, आवडीने निवडलेले मित्र पुष्कळदा एक-दोन जातींचे, एकाच धर्माचे, एकाच उत्पन्नाचे निघतात. कुणी मुद्दाम केलेले नसते, आणि म्हणूनच ते अवघड आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी नेमके याच जागी बोट ठेवले होते. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तिन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत, आणि हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असे त्यांनी विचारले होते. स्वातंत्र्यासाठी कायदा करता येतो, समतेसाठीही काही प्रमाणात करता येतो. बंधुतेसाठी कोणता करणार? ती पंगतीत, प्रवासात, एका डब्यातून खाण्यात जमली तर जमते. म्हणून सहलीकडे मी क्षुल्लक गोष्ट म्हणून पाहत नाही. ध्वजवंदनाला शेजारी कोण उभा आहे, हे तुमच्या हातात नसते. गाडीत कोण बसेल, हे असते.

मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला आणि पुढे चार सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. ही चार नावे आपण भाषणात एका श्वासात घेतो. आजच्या सोलापुरात, पुण्यात, नाशकात अशी चार नावे एका गाडीत बसून गडावर निघालेली कितीदा दिसतात?

यावर येणारा आक्षेप मी ओळखून आहे: मैत्री ही आरक्षण लावून करायची गोष्ट नाही. 'एक अमुक जातीचा, एक तमुक धर्माचा' असे मोजून बोलावलेले पाहुणे शोभेचे ठरतात आणि त्यांनाही ते कळते. आक्षेप बरोबर आहे. यादी करून मैत्री होत नाही. पण ओळख होते, आणि मैत्रीला आधी ओळख लागते. गांधी आणि सुऱ्हावर्दी काही जिवलग नव्हते, प्रसंगाने त्यांना एका घरात आणले. सणांचा उपयोग तोच असतो. टिळकांनी १८९३ मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले तेव्हा सभेला कधी न येणारा माणूस मंडपात आला, ढोलताशाने आला, मेळ्याच्या पदांनी आला. देवघरातल्या व्रताला चव्हाट्यावर आणले, अशी टीका तेव्हाही झाली आणि इतिहासाने ती मागे टाकली. मात्र त्याच मेळ्यांतल्या काही पदांत मुसलमानांविषयी कडवटपणा होता, हेही नोंदवले पाहिजे. आनंद माणसांना जवळ आणतो, पण कुणाला बाहेर ठेवून आणतो, हे पाहिल्याशिवाय त्याचे कौतुक करू नये. जे भजीखाऊ मित्रांना लागू आहे, ते मंडपालाही लागू आहे आणि ध्वजवंदनाच्या मैदानालाही.

बाहेर ठेवले जाणारे आणखीही कुणी असतात. अमेरिकेत १८५२ मध्ये रॉचेस्टरला स्वातंत्र्यदिनाच्या भाषणासाठी बोलावलेल्या, एकेकाळी स्वतः गुलाम असलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी चारऐवजी पाच जुलैला उभे राहून, तुमच्या या सणाशी गुलामाचे नाते काय, असे यजमानांनाच सुनावले होते. आपल्याकडे तशी गुलामगिरी नाही, पण प्रश्न लागू पडतो. आपल्या सहलीच्या दिवशी टपरीवर भजी तळणारा, टोलनाक्यावर बसलेली, हॉटेलात टेबल पुसणारा, संध्याकाळी घरी परतल्यावर दारात जेवणाचा डबा आणून देणारा, यांचा पंधरा ऑगस्ट कधी असतो? २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी मिळाली पाहिजे. कामावर बोलावले तर दुप्पट वेतन आणि बदली रजा द्यावी लागते. पण हे मूळ कायद्यात दहा किंवा त्याहून अधिक, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरते. घाटातल्या टपरीवर दहाही माणसे नसतात, आणि ॲपवरून डबा पोचवणाऱ्याला कंपनी कामगार न म्हणता भागीदार म्हणते. जवानाच्या नावाने भजीवाल्या मित्रांना धारेवर धरणारे आणि पेट्रोलची पावती दाखवून त्यांना गप्प करणारे, दोघेही त्या दिवशी याच माणसांकडून काम करून घेतात. यांनाही त्या दिवशी सुट्टी किंवा दुप्पट दाम मिळावे, ही मागणी इतक्या वर्षांच्या त्या भांडणात मला अजून एकदाही वाचायला मिळालेली नाही.